सोलापुरात नांदेल अशी गिटार घडवून घेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण शाळेत शिकवता, गेली नऊ वर्षे कारखान्यात बनलेली मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार वाजवता, मिझराब किंवा पिक न वापरता बोटांनी तारा छेडून स्वतःच भावगीते आणि अभंग गाता, आणि आपली पट्टी काळी चार आहे. साठवलेल्या पैशांतून आता हाताने घडवलेली एक गिटार बनवून घ्यावी असे मनात आहे. पुण्यातील एका कारागिराने आपल्याला लाकडांची यादी पाठवली आहे आणि प्रत्येक लाकडापुढे वाढीव किंमत लिहिली आहे. त्यातले कोणते लाकूड निवडावे, आजोबांच्या हातमागाचे जपून ठेवलेले लाकूड कुठे वापरता येईल का, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात अशी नाजूक वस्तू टिकेल का, हे आपले तीन प्रश्न.

यांतला शेवटचा प्रश्न मी आधी घेणार आहे, कारण लाकडापासून सुरुवात करणे म्हणजे आधी कळस आणि मग पाया. गिटार कोणत्या घरात राहणार, कोणत्या हातात आणि कोणत्या गळ्याबरोबर वाजणार, हे एकदा कारागिराला नेमके कळले की लाकडाचा निर्णय बराचसा आपोआप होतो, आणि तो त्यालाच घेऊ द्यावा असे माझे मत आहे. मी सोलापुरात पंचवीस वर्षे तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो आणि त्यांपैकी गेली चौदा वर्षे वर्षाकाठी चार-पाच गिटारी घडवतो. वडील मागाचे सुटे भाग बनवणारे सुतार होते. रंधा आणि पटाशी त्यांच्याकडून आली, आणि तंतुवाद्याचा कान मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काढलेल्या तीन वर्षांत तयार झाला. माझ्या मतात एक कल आहे, तोही आधीच सांगतो. दुरुस्तीच्या टेबलावर मोडलेलीच वाद्ये येतात, त्यामुळे मला वाद्याच्या रूपाआधी त्याचे दुखणे दिसते.

तर आधी हवा. लाकूड कापले, सुकवले, पॉलिश केले आणि वाद्यात बसवले, तरी ते हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे थांबवत नाही. ओलावा सुटला की लाकूड आकसते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही, आकसते ते रेषांना आडवे, रुंदीत. गिटारची वरची पाटी, जिला सतारीच्या भाषेत तबली म्हणतात, ती बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. तिची जाडी अवघी अडीच ते तीन मिलिमीटर आणि सर्वांत फुगीर जागी रुंदी सुमारे ३८० मिलिमीटर असते. ही पाटी ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरलेली असेल आणि नंतर २५ टक्क्यांच्या हवेत येऊन पडली, तर मोकळी असताना ती रुंदीत जवळपास ४ मिलिमीटर आकसेल. तीच जर ४५ टक्क्यांच्या हवेत मुरलेली असेल, तर आकसणे साधारण २ मिलिमीटरवर थांबते. अडचण ही की गिटारमध्ये ती मोकळी नसते. कडेने ती बाजूंच्या फळ्यांना चिकटलेली असते आणि आतून तिरप्या पट्ट्यांनी जखडलेली असते, त्यामुळे आकसायला जागा मिळाली नाही की ती फाटते.

माझ्या दुकानातला आर्द्रतामापक एप्रिल-मेच्या दुपारी २० ते २५ दाखवतो, आणि सप्टेंबरात, जेव्हा आपल्याकडे खरा पाऊस होतो, तेव्हा तोच ७५ च्या वर जातो. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न असा विचारावा की पाटीला आतल्या पट्ट्या चिकटवल्या जातात त्या दिवशी कार्यशाळेतली आर्द्रता किती असते. उत्तर आकड्यात यायला हवे, आणि तो आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा शोषणारे यंत्र लावल्याशिवाय हा आकडा मिळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ते काय करतात हेही विचारावे. “आमच्याकडे लाकूड दहा वर्षे सुकवलेले असते” हे उत्तर ऐकायला चांगले वाटते, पण ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. दहा वर्षे सुकलेले लाकूडही पावसाळ्यातल्या एका महिन्यात हवेइतके ओले होते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी होटगी रोडच्या एका तरुणाने समुद्रकाठच्या एका शहरातून हाताने घडवलेली गिटार आणली होती. काम देखणे होते, सांधे केसभरही उघडे नव्हते. फेब्रुवारीत आलेली ती गिटार मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, बंद पेटीत असतानाच वाजली. वाळलेली भुईमुगाची शेंग बोटांत फुटावी तसा आवाज आला, असे त्याने सांगितले. माझ्याकडे आली तेव्हा घोडीच्या, म्हणजे पाटीवर तारा टेकतात त्या तुकड्याच्या, मागून खालच्या कडेपर्यंत अकरा सेंटिमीटरची चीर पडली होती आणि तिच्यात लग्नपत्रिकेचा कागद सहज सरकत होता. दांडीच्या कडेने हात फिरवला तर फ्रेटची, म्हणजे दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोके तळव्याला टोचत होती, कारण आबनुसाची पट्टी आकसली होती आणि धातू मात्र आकसत नाही. पाटी खचल्यामुळे तारा फ्रेटला लागून खरखरत होत्या. मी भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवून ती डबी पेटीत ठेवली आणि तीन आठवडे दुसरे काही केले नाही. चीर आपली आपण मिटत आली. मग तिच्यात सरस भरला, आतून स्प्रूसचे पाच छोटे तुकडे रेषा आडव्या ठेवून चिकटवले, आणि ती गिटार आजही वाजते आहे. घडवणाऱ्याने फोनवर ग्राहकाला दोष दिला. तो अर्धा खरा होता, पण पट्ट्या कोणत्या हवेत चिकटवल्या हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.

चांगला कारागीर या आकसण्यासाठी आधीच जागा ठेवतो. पाटी सपाट न बसवता तो ती किंचित फुगीर करतो, साधारण आठ मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा असावा इतकी. डोळ्यांना ती सपाटच दिसते. पोलादी पट्टी टेकवून पाहिली तरच कडांना फट कळते. हवा कोरडी झाली की आधी हा फुगवटा उतरतो आणि फाटण्याची वेळ पुढे ढकलली जाते. गिटार सोलापुरात राहणार आहे हे लेखी कळवावे, म्हणजे फुगवटा आणि कार्यशाळेची हवा, दोन्ही त्या हिशेबाने ठरतील.

घरात काय करावे हेही इथेच सांगून टाकतो. पेटीत ठेवायला लहान आर्द्रतामापक घ्यावा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे, ते खिरीसारखे पातळ न होता ओल्या वाळूसारखे राहील इतकेच पाणी घालावे, आणि झाकण व मापक एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवावे. मापकाने ७५ दाखवायला हवेत. त्याने ६९ दाखवले तर तो सहाने कमी सांगतो हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. पेटीतला आकडा ४० च्या खाली जाऊ लागला की ओल्या स्पंजाची डबी सुरू करावी. आपल्याकडे हे बहुधा फेब्रुवारीच्या मध्यावर होते.

सोलापूरच्या घरांतला खरा शत्रू मात्र कोरडी हवा एकटी नाही. तो पाण्याचा कूलर आहे. रात्रभर कूलर चालला की खोलीतली हवा ओली होते, सकाळी तो बंद केला की दुपारपर्यंत ती पुन्हा कोरडीठाक, आणि भिंतीवर टांगलेली गिटार रोज एकदा फुगते आणि एकदा आकसते. हा रोजचा हेलकावा स्थिर कोरडेपणाहून वाईट. गिटार भिंतीवर शोभते हे मान्य करूनही मी म्हणेन की मार्च ते जून ती पेटीतच असावी, पेटी गच्चीलगतच्या तापणाऱ्या खोलीत नसावी, आणि उन्हात उभ्या मोटारीत तर ती पाच मिनिटेही ठेवू नये. गिटारच्या कामात सर्रास वापरला जाणारा पिवळा गोंद साठ-पासष्ट अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि मेमधल्या बंद मोटारीची डिकी त्या आकड्याच्या फार मागे नसते. घोडी उखडलेल्या निम्म्या गिटारींची कथा माझ्याकडे डिकीपासूनच सुरू होते.

आता हात आणि गळा. आपण लिहिले आहे की चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून ई कॉर्डच्या आकारात वाजवता, म्हणजे आपला सा जी शार्पवर येतो. आणि तक्रार अशी की खालचा सा “ढब्ब” वाजतो आणि गाणे झाकून टाकतो. यात आपल्या हाताचा दोष नाही. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक घुमार असतो, घागरीच्या तोंडाशी फुंकर मारल्यावर येतो तसा, आणि मोठ्या पोटाच्या पुष्कळ गिटारींमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की आपल्या सहाव्या तारेचा सूर सुमारे १०४ हर्ट्झ होतो. म्हणजे नेमका सा या घुमारावर जाऊन बसतो, फुगतो आणि लगेच विझतो. खात्री करून पाहायची असेल तर तारा तळव्याने दाबून धराव्यात, भोकाजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात हुंकार द्यावा आणि सूर हळूहळू सरकवत न्यावा; ज्या जागी गिटार छातीला थरथरत लागते तो तिचा घुमार. आपला आवाज तितका खाली जात नसेल तर घरातल्या एखाद्या भरदार आवाजाच्या पुरुषाकडून हे करवून घ्यावे.

कारागिराला सांगण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती लाकडांच्या यादीत कुठेही सापडणार नाही. त्याला सांगावे की माझा सा जी शार्प आहे, मी कॅपो चौथ्या फ्रेटवर लावते, आणि पोटाचा घुमार या सुरावर येऊ नये. पोट लहान केले किंवा भोक मोठे केले की घुमार वर सरकतो. जाणता कारागीर तो दोन सुरांच्या मधल्या फटीत बसवण्याचा प्रयत्न करतो, म्हणजे कुठलाच एक सूर फुगत नाही. आपला निरोप ऐकून समोरचा माणूस पुढचे प्रश्न विचारू लागला तर योग्य माणूस सापडला असे समजावे; तो पुन्हा लाकडाच्या यादीकडे वळला तर थोडे सावध व्हावे.

आकाराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे की आपण ड्रेडनॉट घेऊ नये. हा मोठा आकार १९१६ साली मार्टिन कंपनीने प्रथम बनवला आणि जाड तारा, पिक आणि जोरकस हात असलेल्यांना तो आजही शोभतो. बोटांनी वाजवणाऱ्या आणि बसून गाणाऱ्या माणसासाठी ओएम नावाचा कमरेला बारीक आणि कमी खोलीचा आकार अधिक सोयीचा असतो. तो मांडीवर स्थिर बसतो आणि उजवा खांदा वर उचलावा लागत नाही. तारेची मोकळी लांबी सहसा ६४५ ते ६४८ मिलिमीटर असते. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की ६४८ पैकी ५१४ मिलिमीटरच वाजती राहते, म्हणजे आपण एरवीही आखूड तारेवरच वाजवत असता. लांबी ६२८ च्या आसपास घेतली तर त्याच सुराला तारेचा ताण सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो आणि डाव्या हाताला ते लगेच जाणवते. मात्र ताण उतरला की खालच्या तारा थोड्या ढिल्या लागतात, म्हणून मी निर्णय ऐकीव माहितीवर न घेता दोन्ही लांबीच्या गिटारी तासभर वाजवून मगच घ्यायला सांगतो.

मेरूपाशी, म्हणजे माथ्याजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात तिथे, दांडीची रुंदी ४३ मिलिमीटर आणि ४४.५ मिलिमीटर अशा दोन मापांत साधारणपणे मिळते. दीड मिलिमीटर हा आकडा हास्यास्पद वाटतो, पण बोटांनी छेडणाऱ्याला तारांमधली तेवढी जागाच हवी असते. आपली बोटे लहान आहेत म्हणून दांडी अरुंद हवी, असे आपण लिहिले आहे. माझा अनुभव असा की लहान हाताला दांडीची जाडी नडते, रुंदी फारशी नडत नाही. आताच्या गिटारवर पहिल्या आणि नवव्या फ्रेटपाशी दांडीची जाडी मोजून तो आकडा कळवावा आणि त्यापेक्षा एक मिलिमीटर कमी मागावी. कटअवेची, म्हणजे दांडीलगत पोटाला दिलेल्या खाचेची, आपल्याला गरज दिसत नाही. त्याचे पैसे वाचवून चांगली पेटी घ्यावी.

आता लाकूड. गिटारच्या आवाजातला मोठा वाटा वरच्या पाटीचा आणि तिच्या आतल्या पट्ट्यांचा. बारीक तारांच्या संचाचाही एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो, आणि तो अडीच-तीन मिलिमीटरच्या पाटीने वर्षानुवर्षे सोसायचा असतो. एक्स आकाराच्या ज्या पट्ट्या आज जवळजवळ प्रत्येक पोलादी तारांच्या गिटारमध्ये असतात, त्या मार्टिनच्या कार्यशाळेत १८४० च्या दशकात रुळल्या. या पट्ट्या किती जाड ठेवायच्या आणि कुठे रंधून उतरवायच्या यातच हाताने घडवण्याचे मोल आहे. कारखान्यात त्या मापाने कापतात, कारण हजार गिटारींपैकी एकही परत यायला नको असते, त्यामुळे त्या गरजेपेक्षा जाड राहतात. कारागीर पाटी दोन बोटांत धरून टकटक करतो, ती वाकवून पाहतो, आणि त्या एकाच फळीच्या स्वभावाप्रमाणे तिला उतरवतो. एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्याही सारख्या वाजत नाहीत, मग यादीतल्या नावावरून आवाज कसा ठरणार?

पाठ आणि बाजूंच्या लाकडाबद्दल तर मी आपल्याला खर्चच वाचवायला सांगेन. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या होत्या. त्या सर्व बाबतींत सारख्या होत्या, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या होत्या, महागड्या ब्राझिलियन रोझवूडपासून स्वस्त सपेलीपर्यंत. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे चढवून ५२ गिटारवादकांनी त्या वाजवल्या. सहांना मिळालेली पसंती जवळजवळ सारखीच निघाली. मी स्वतः असे म्हणणार नाही की पाठीच्या लाकडाने काहीच होत नाही. पण यादीत सर्वांत वरच्या किमतीला जे लाकूड आहे त्याने आपला “ढब्ब” जाणारा नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. शिवाय ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी जवळजवळ बंद आहे, आणि कायदेशीर कागदाशिवाय ते कुणी देऊ करत असेल तर हात जोडून नकार द्यावा.

आपला शिसव यासाठी उत्तम आहे. जगभरच्या गिटारींत ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात तो हाच, सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांतला. शिसव ज्या डाल्बर्जिया वंशातला आहे त्या संपूर्ण वंशावर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि तयार वाद्यांना त्यांतून २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. आपल्याला ते आड येणार नाही, फक्त लाकडाची पावती कारागिराकडे असावी. मिरजेत सतारीसाठी वापरतात ते तूनही मी दोनदा पाठीसाठी वापरले आहे. ते महागनीच्याच कुळातले, हलके आणि कामाला गोड. त्या दोन्ही गिटारींचा सूर शिसवापेक्षा कोरडा आणि सरळ आला, आणि गाणाऱ्याच्या साथीला मला तो जास्त आवडला.

वरच्या पाटीसाठी आपल्यापुढे मुख्यतः सिट्का स्प्रूस, एंगलमन स्प्रूस आणि सीडर हे पर्याय आहेत. सिट्का जोरकस हाताला दाद देते, हलक्या हाताला थोडी आखडूनच बोलते. सीडर उलट, बोटाच्या हलक्या स्पर्शालाही उमलते, पण जोर वाढवला की एका मर्यादेपुढे आवाज वाढत नाही, आणि नखाचा ओरखडाही तिच्यावर लगेच उठतो. आपल्या वाजवण्याचे जे ध्वनिमुद्रण पाठवले आहे त्यावरून मी एंगलमन किंवा सीडर सुचवीन. तेच ध्वनिमुद्रण कारागिरालाही पाठवावे, गाण्यासकट.

आणि एक इशारा. आपण तंबोऱ्याबरोबर गाणे शिकलात, त्यामुळे “गिटारला थोडी जवारी असावी” असे लिहून गेलात. जवारी तंबोऱ्याचा प्राण आहे हे खरे. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या बाजूला पिकलेला भोपळा मिरजेला जातो, त्याचा तंबोरा होतो आणि रुंद घोडीवर तार घासत बोलते तेव्हाच तो तंबोरा म्हणवतो. गिटारच्या घोडीवर मात्र तार एका धारेवरून सुटते, आणि तिथे जवारी म्हणजे दोष. कारागिराला हा शब्द तसाच सांगितला तर गोंधळ होईल. आपल्याला बहुधा लांबणारा, झंकार असलेला सूर हवा आहे, तसेच सांगावे.

आजोबांच्या मागाच्या लाकडाचे काय करावे, हा प्रश्न मला सर्वांत आवडला. आपण पाठवलेल्या छायाचित्रात सागाची एक जाड पट्टी आणि एक धोटा दिसतो. सागात तेल असते, तो जड असतो, आणि जुन्या मागाच्या लाकडात खिळ्यांची भोके आणि तडे बाहेरून दिसतात त्यापेक्षा जास्त निघतात, त्यामुळे पाठ आणि बाजूंसाठी मी तो सुचवणार नाही. वरच्या पाटीसाठी तर नाहीच. पण दांडीच्या माथ्यावर, जिथे तारा ताणण्याच्या खुंट्या बसतात, तिथे दोन मिलिमीटर जाडीचा एक पापुद्रा चिकटवलेला असतो. तो या पट्टीतून सहज निघेल, आवाजाला धक्का लावणार नाही, आणि वाजवताना नेहमी आपल्या नजरेसमोर राहील. चिकटवण्यापूर्वी सागाचा पृष्ठभाग स्पिरिटने पुसून लगेच सरस लावायला हवा, नाहीतर तेलामुळे सांधा धरत नाही. हे त्यांना माहीत असेलच, तरी आठवण द्यावी. धोट्याला मात्र कुणाला पटाशी लावू देऊ नये. इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेले ते लाकूड कापल्यावर आत साधे लाकूडच निघते.

करार लेखी करावा, अगदी ओळखीचा माणूस असला तरी. त्यात तारेची लांबी, मेरूची रुंदी, दांडीची जाडी, घोडीपाशी तारांमधले अंतर, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, कार्यशाळेची आर्द्रता आणि दांडीचा सांधा कसा असेल हे आकड्यांत यावे. सांध्याबद्दल माझा आग्रह बोल्टच्या सांध्याचा आहे. पंधरा-वीस वर्षांत तारांच्या ताणाने दांडीचा कोन थोडा तरी सरकतोच, आणि तो परत बसवण्यासाठी सरसाचा सांधा वाफेने उकलण्यापेक्षा दोन बोल्ट सैल करणे सोलापुरातल्या कुणाही जाणत्या दुरुस्तीवाल्याला जमते. पॉलिश पातळ हवे. चपड्याचे फ्रेंच पॉलिश मला प्रिय असले तरी घामाने ते चिकट होते, आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये कोपराखाली ते टिकत नाही. पातळ लॅकर ठीक.

पैसे एकरकमी आगाऊ देऊ नयेत. मी स्वतः एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश पोट बंद करण्यापूर्वी आणि उरलेले गिटार हातात दिल्यावर घेतो. मधला हप्ता त्या टप्प्यावर ठेवण्याचे कारण असे की पोट बंद होण्याआधी आतल्या पट्ट्या पाहता येतात. शक्य असेल तर त्या दिवशी पुण्याला जाऊन यावे, नाहीतर छायाचित्रे मागावीत. मुदत सहा महिन्यांची सांगितली तर आठ-नऊ धरून चालावे. माझ्याकडे एका गिटारला १५० तासांच्या आसपास काम पडते, पण ते सलग होत नाही. दांडी रंधून काही आठवडे तशीच ठेवावी लागते आणि लॅकरही आठवडेच्या आठवडे सुकत राहते. दिरंगाईवर चिडू नये, गप्प बसण्यावर चिडावे. मधेच बेत बदलू नये हे आपल्या बाजूचे पथ्य. पट्ट्या चिकटवल्यावर “तारेची लांबी आखूड करता येईल का” असे विचारणारे ग्राहक मी पाहिले आहेत, आणि घोडीची जागा तोवर पक्की झालेली असते.

गिटार आणायला स्वतः जावे. ती कुरिअरने मागवू नये. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवावी, कंटाळा आला तरी. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि त्याच जागी हलक्या स्पर्शाने येणारा हार्मोनिक ट्यूनरवर जुळतो का ते पाहावे. भोकातून मोबाईलचा दिवा आणि हातभर काठीला लावलेला छोटा आरसा घालून पट्ट्यांची टोके पाटीला पूर्ण चिकटली आहेत का हे पाहावे. आणि चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून एक पूर्ण अभंग गाऊन पाहावा, लाज न बाळगता. आवाजाचा शेवटचा निकाल मात्र त्या दिवशी लावू नये. नवी पाटी आणि नव्या तारा स्थिरावायला काही आठवडे लागतात, आणि नऊ वर्षांच्या सवयीच्या कानालाही तेवढेच लागतात.

शेवटची मागणी फार थोड्या पैशांची आहे, पण ती आधी केली नाही तर राहून जाते. घोडीतली हाडाची पट्टी एकाऐवजी दोन बनवून घ्याव्यात. उन्हाळ्यात पाटी खाली बसते आणि तारा फ्रेटला लागू लागतात, तेव्हा किंचित उंच पट्टी लागते. पावसाळ्यात पाटी फुगून तारा वर जातात, तेव्हा बुटकी. दोन्हींमधला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो कारागीर पुण्यात बसून नेमका सांगू शकणार नाही, म्हणून दुसरी पट्टी त्याने थोडी उंचच द्यावी. पहिल्या मेमध्ये गिटार घेऊन आपण माझ्याकडे या, तारा ढिल्या करून मी ती घासून बसवून देईन आणि खालच्या बाजूला पेन्सिलीने एकीवर “उ” आणि दुसरीवर “पा” लिहून ठेवीन. येताना दोन्ही पट्ट्या आणि आर्द्रतामापक बरोबर असू द्या.